रेकॉर्ड केलेली आयक्यू फाइल ग्नू रेडिओत चालवायची तर आधी बाइट्स बघा

आरटीएल-एसडीआरने, म्हणजे यूएसबीत लावायच्या रेडिओ रिसीव्हरने, रेकॉर्डिंग केलं, फाइल ग्नू रेडिओत, म्हणजे ब्लॉक जोडून रेडिओ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, लावली आणि स्पीकरमधून नुसती खरखर. विचारायला जावं तर सल्ला ठरलेला, गेन वाढव, अँटेना बदल. अहो, रेकॉर्डिंग होऊन गेलंय, आता अँटेना बदलून त्या फाइलमध्ये काय फरक पडणार? गोची बहुतेक वेळा फॉरमॅटची, म्हणजे फाइलमध्ये आकडे कसे लिहिलेत त्याची असते.

मुंबईचं एफएम रेनबो धरूया, १०७.१ मेगाहर्ट्झ. रेकॉर्ड करताना सेंटर, म्हणजे रिसीव्हरची मधली फ्रीक्वेन्सी, १०६.८५ ठेवा, म्हणजे स्पेक्ट्रमवर, फ्रीक्वेन्सींच्या आलेखावर, स्टेशन मधोमध न येता २५० किलोहर्ट्झ उजवीकडे बसेल आणि डीसीच्या खिळ्यापासून, म्हणजे मधोमध दिसणाऱ्या खोट्या उंचवट्यापासून, लांब राहील. रेट सेकंदाला २४ लाख सॅम्पल्स (एका सॅम्पलमध्ये आय आणि क्यू असे सिग्नलचे दोन आकडे), त्याच्या वर जाऊ नका, यूएसबीवर सॅम्पल्स गळतात आणि गळलेलं नंतर कशानेही भरून येत नाही.

आता खरा घोळ. कच्च्या फाइलमध्ये आय, क्यू, आय, क्यू असे नुसते आकडे ओळीने असतात, ते कुठल्या प्रकारचे हे सांगणारं त्यात काहीच नसतं. आरटीएलची कमांड बिनचिन्हाचे ८ बिट लिहिते, हॅकआरएफ या दुसऱ्या रेडिओ उपकरणाची कमांड चिन्हासकट ८ बिट, जीक्यूआरएक्स हे सॉफ्टवेअर ३२ बिट फ्लोट (दशांशातले आकडे), आणि एसडीआर शार्प हे सॉफ्टवेअर वेव्ह फाइल देतं. ग्नू रेडिओचा फाइल सोर्स, म्हणजे फाइल वाचणारा ब्लॉक, कॉम्प्लेक्सवर ठेवलात की तो प्रत्येक सॅम्पलला ८ बाइट्स उचलतो, आरटीएलच्या फाइलमध्ये सॅम्पल असतं २ बाइट्सचं, म्हणजे चार सॅम्पल्सचं कडबोळं करून तो एक बनवतो आणि तक्रारही करत नाही. मी इथेच बराच काळ अडकलो होतो, म्हणून आता एक्स्टेन्शनवर अजिबात विश्वास ठेवत नाही, थेट बाइट्स बघतो.

लिनक्सवर ओडी कमांडने फाइलच्या मधले पन्नासेक बाइट्स दशमान आकड्यांत काढा, सुरुवातीचे नकोत. सिग्नल बेताचा असेल तर १२६, १२९, १२७, १३१ असे १२७-१२८ च्या आसपास घुटमळणारे आकडे दिसतात, ते बिनचिन्हाचे ८ बिट. ०, २, २५४, १, २५५ असं दोन्ही टोकांना चिकटलेलं आणि मधलं काहीच नाही, तर चिन्हाचे ८ बिट. प्रत्येक दुसरा बाइट ० किंवा २५५ च्या जवळ असेल तर १६ बिट. दर चौथा बाइट ६० किंवा १८८ च्या आसपास आला की ३२ बिट फ्लोट. आणि आरटीएलच्या फाइलमध्ये मधले आकडे आहेत पण ० आणि २५५ चीही रांग लागलीय, तर रेकॉर्डिंग क्लिप झालंय, म्हणजे सिग्नल मापाबाहेर जाऊन कापला गेलाय, गेन कमी करून परत करा, दुसरा इलाज नाही.

फाइलची साइजही तपासा. २४ लाख गुणिले २ बाइट्स, म्हणजे मिनिटाला २८ कोटी ८० लाख बाइट्स. तीच फ्लोटमध्ये केली की चौपट, १.१५ जीबी, तेव्हा डिस्कवर जागा बघून ठेवा.

आरटीएलची फाइल फ्लोटमध्ये बदलायला नमपाय, पायथॉनची आकडेमोडीची लायब्ररी, पुरे. बाइट्स वाचा, आधी ३२ बिट फ्लोट करा, मग १२७.५ वजा, १२७.५ ने भागा, आणि कॉम्प्लेक्स ६४ म्हणून लिहा. क्रम उलटा केलात तर नमपाय गुपचूप ६४ बिट फ्लोट करून ठेवतो आणि पुढे परत कचरा. १२७.५ वजा करायचं राहिलं तर मधोमध भलामोठा खांब दिसेल, तो स्टेशन नाही. वेव्ह फाइल असेल तर वेव्ह फाइल सोर्स वापरा, पहिला चॅनेल आय, दुसरा क्यू, दोन्ही फ्लोट टू कॉम्प्लेक्सला जोडा.

मग स्पेक्ट्रम बघा. स्टेशन उजवीकडेच दिसलं पाहिजे. डावीकडे आलं तर आय-क्यूची अदलाबदल झालीय, आणि एफएममध्ये हे कानाला कळत नाही कारण आवाज फक्त उलट्या पोलॅरिटीने येतो, पण उद्या हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचं, एसएसबी (सिंगल साइडबँड) रेकॉर्डिंग लावलंत की अप्पर साइडबँडचं लोअर होऊन बसेल. म्हणून आत्ताच सरळ करा.

बाकी सोपं आहे. स्टेशन मधोमध आणणारा फ्रीक्वेन्सी ट्रान्सलेटिंग फिल्टर २५० किलोहर्ट्झवर, डेसिमेशन (रेट किती पट कमी करायचा) १०. त्यातून २४० किलोहर्ट्झ मिळतात, ते एफएम डीमॉडला, डेव्हिएशन ७५ किलोहर्ट्झ, ऑडिओ डेसिमेशन ५, म्हणजे बरोबर ४८ किलोहर्ट्झ. टाऊ, म्हणजे उंच स्वर किती दाबायचे तो आकडा, ७५ मायक्रोसेकंद आधीच भरलेला असतो तो अमेरिकेचा, आपल्याकडे ५० करा नाहीतर आवाज दबका येतो.

थ्रॉटल, म्हणजे वेग रोखणारा ब्लॉक, सगळीकडे लावा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. ऑडिओ सिंक, म्हणजे स्पीकरला आवाज देणारा ब्लॉक, असताना साउंडकार्डच वेग ठरवतं, वर थ्रॉटल घातलात तर दोन घड्याळं एकमेकांशी भांडतात आणि आवाज तुटतो. नुसती फाइल लिहायची असेल तरी नको, उलट काम लवकर उरकतं. फक्त ग्राफ बघायचा असेल तेव्हाच लावा.

जुनी फाइल आहे आणि रेट कुठे लिहून ठेवलेला नाही? स्टिरिओ स्टेशन असेल तर क्वाड्रेचर डीमॉड या एफएम उलगडणाऱ्या ब्लॉकनंतरचा स्पेक्ट्रम काढा, त्यात पायलटची, म्हणजे स्टिरिओसोबत येणाऱ्या खुणेच्या सुराची, बारीक सुई १९ किलोहर्ट्झवर असायला हवी. ती २२.२७ वर दिसली तर तुम्ही टाकलेल्या २४ लाखांना १९ ने गुणा, २२.२७ ने भागा, २०.४८ लाख येतात, तोच खरा रेट, आणि लगेच तो फाइलच्या नावातच लिहून टाका.