फ्यूजननंतरचं स्ट्रेचिंग: ताण कुठे थांबवायचा

माझ्या कमरेत चार स्क्रू आणि दोन रॉड आहेत. एल४-एल५ चं फ्यूजन, म्हणजे कमरेचा चौथा आणि पाचवा मणका एकमेकांना कायमचे जोडण्याचं ऑपरेशन. ऑपरेशननंतर सातव्या आठवड्यात फिजिओने मला उताणं झोपवलं, उजवा पाय गुडघ्यात सरळ ठेवून वर रेटला आणि म्हणाला, "थोडं सोसा ताई, स्नायू आखडलेत." नितंबापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत वीज गेल्यासारखं झालं. मी ओरडले, तरी त्याने दहापर्यंत मोजलेच. पुढचे दोन आठवडे खुर्चीत दहा मिनिटं बसवेना. एक्स-रेत स्क्रू जागेवर दिसले, तेव्हा कुठे झोप लागली.

स्क्रू-रॉड म्हणजे फ्यूजन, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. स्लॅब पक्का होईपर्यंत खाली सेंट्रिंगचा आधार ठेवतात, तेवढंच स्क्रू-रॉडचं काम. खरी जोडणी हाडाची, आणि ते धरायला कित्येक महिने लागतात. कधी वर्ष किंवा त्याहून जास्त. तेवढ्यात कंबर पुन्हा पुन्हा वाकवली-पिळली, तर स्क्रू हाडात सैल होऊ शकतो, रॉड मोडू शकतो किंवा हाड जुळतच नाही. आणि जुळलं तरी तो सांधा आता हलणार नसतो. जोर लावला की ताण वरच्या-खालच्या मणक्यांवर जातो. म्हणून मोकळी करायची ती मांडी आणि खुबा, कंबर नव्हे.

गंमत अशी, की मांडीमागचा स्नायू ताणतानाच कंबर गुपचूप वाकते. सरळ पाय वर गेला की तो स्नायू ओटीपोटाचं हाड मागे ओढतो. हे स्वतः पाहता येतं. उताणं झोपा, एक गुडघा वाकवून पाऊल गादीवर टेका, तळहात कमरेखालच्या पोकळीत सरकवा. आता दुसरा पाय हळूहळू उचला. तळहात दबायला लागला की थांबा, पाय तिथून थोडा खाली आणा. तुमची हद्द ती. माझी पहिल्यांदा इतकी खाली होती की हसू आलं.

अर्थात हेसुद्धा सर्जनने स्ट्रेचिंगला हिरवा कंदील दिल्यावरच. त्याआधी चालणं, घोटे वर-खाली करणं, आणि पलंगावरून उठताना अख्खं अंग एकत्र कुशीवर वळवणं, एवढं पुरे होतं.

टॉवेल तळपायाला अडकवू नका, मांडीमागे धरा. तळपाय ओढला की शीर (पायात उतरणारा मज्जातंतू) ताणली जाते, आणि ऑपरेशननंतर शीर आधीच चिडलेली असते. स्नायूचा ताण मांडीच्या मध्यावर, बोथट, सोसवेल असा लागतो. शिरेचा गुडघ्याखाली उतरतो, झिणझिण्या किंवा चमक घेऊन. शंका आली तर पाऊल किंचित स्वतःकडे ओढा. चमक वाढली तर बहुधा शीरच. तिथे जोर करण्यात शहाणपण नाही, लगेच सैल करा. मी वीस सेकंद, तीनदा करते. हिसके अजिबात नाहीत.

फिजिओकडे पहिल्या दिवशी डिस्चार्ज पेपर घेऊन जा. कोणते मणके जोडलेत, वाकायला बंदी कधीपर्यंत, हे त्यांनी वाचल्याशिवाय पलंगावर झोपू नका. "पाय तुम्ही उचलू नका, मी उचलते," हे म्हणायला मला भीड वाटायची. नव्या फिजिओला म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "उत्तमच." गुडघे छातीशी दाबणं, बसून पायाचे अंगठे धरणं, कंबर पिळून 'कट्' आवाज काढणं यांना मी सरळ नकार देते.

व्यायामानंतर थोडं दुखणं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळीही वाढलेलंच असेल, तर त्या दिवशी स्ट्रेचिंग बंद आणि फिजिओला फोन. पण जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, पाऊल उचलता न येणं, यातलं काहीही झालं तर फिजिओला विचारत बसू नका, ताबडतोब इस्पितळ गाठा. ताप येऊन जखमेतून पाणी यायला लागलं तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा.