टेबलावरची उंबरखिंड: बसण्याआधी काय काय जमवायचं

टेबलावर लढाईचा खेळ मांडायच्या, एकमेकींना जोडायच्या चौकोनी टाइलची मागची बाजू रंगवायची. वर वाळू-फेविकॉल लावायच्या आधी. हे पहिलं लिहून टाकतो, कारण गेल्या वेळी हेच राहिलं होतं, आता बाकीचं.

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर उंबरखिंडीचा सेट करायला घेतला होता. खोपोलीजवळची खिंड, फेब्रुवारी १६६१, खाली अडकलेला मुघल सरदार कारतलबखान आणि वर झाडीत मावळे, वॉरगेमला, म्हणजे छोट्या सैनिकांनी टेबलावर लढाई खेळायला, ह्यापेक्षा आयती सिच्युएशन कुठे मिळणार. दिवाळीत भावंडं येणार, त्यांना खेळवायचं, म्हणून एक-एक फुटाच्या १२ टाइल्स, म्हणजे चार बाय तीन फुटांचं टेबल. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मांडायला घेतल्या तर १२ पैकी ११ टाइल्सचे कोपरे भाजलेल्या पापडासारखे वर आलेले. दोन टाइल्सच्या मधे बोट जाईल एवढी फट, फासा टाकला की त्यात जाऊन तिरका अडकायचा, मग तो चार धरायचा की पाच ह्यावरनं भांडण. एकच टाइल सपाट. ती उलटी करून बघितली तर मागे ऑइल पेंटमधे शनी आणि त्याची कडी, धाकट्याच्या शाळेतल्या सूर्यमालेच्या प्रोजेक्टचा बोर्ड मी कापून वापरला होता! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तीन एमएमच्या एमडीएफला (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) एकाच बाजूने ओलं फेविकॉल फासलं की ते सुकताना आकसतं आणि बोर्डाला वर ओढतं, मागून ओढायला काही नसेल तर बोर्ड वाकणारच. नंतर मागून पाणी मारून, वर डिक्शनऱ्या ठेवून बघितलं, अर्धंमुर्धं सरळ झालं, खिंड काही जुळली नाही.

तर सामान. एमडीएफ, कटर, ब्लेडं, स्टीलची पट्टी, फेविकॉल, हे सांगायला नको. फोम मात्र नीट बघून घ्या. पॅकिंगमधे येतो तो दाणेदार पांढरा थर्माकोल नको, कापला की साबुदाणा घरभर होतो आणि घरचे आठवडाभर बोलतात. छताच्या इन्सुलेशनला वापरतात तो एक्सपीएस शीट घ्या, २५ एमएम जाडीचा, तो गुळगुळीत कापला जातो. आमच्या सह्याद्रीचं बरं आहे, लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेत, कडा मग सपाटी मग परत कडा, त्यामुळे शीटचे थर नुसते एकावर एक चिकटवले तरी डोंगर खरा वाटतो. डेक्कन ट्रॅपमधला ट्रॅप हा शब्दच मुळी पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. उतार गोल गुळगुळीत करत बसू नका, त्यावर मिनिएचर, म्हणजे छोटा सैनिक, उभं राहत नाही, घसरतं. प्रत्येक पायरी किमान तीन सेंटीमीटर रुंद, कारण मिनिएचरचा बेस, म्हणजे खालची बैठक, २५ एमएमचा आहे. वरचा बंदूकवाला पायरीवर मावत नसेल तर खिंडीचा उपयोग काय?

कापायच्या आधी पुठ्ठ्याचा एक साचा करा, एकच, आणि सगळ्या टाइल्सच्या कडा त्याच्यावरच मोजा. माझ्याकडे कडा दोनच प्रकारच्या: एक पूर्ण सपाट, दुसरी खिंडीची, म्हणजे मधोमध सहा सेंटीमीटरची वाट आणि दोन्हीकडे दोन थर. वाट मधोमधच हवी, नाहीतर टाइल फिरवली की वाट जाऊन कड्याला धडकते. मग मॉड्युलर, म्हणजे हवं तसं फिरवून मांडायचं, कसलं ते.

मॅग्नेट लावणार असाल तर प्रत्येक कडेला दोन, कडेकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडचा उत्तर ध्रुव बाहेर, उजवीकडचा दक्षिण ध्रुव बाहेर, सगळ्या कडांना हेच. समोरासमोर आल्या की डाव्यासमोर उजवा येतो, त्यामुळे कुठलीही कड कुठल्याही कडेला चिकटते. चिकटवायच्या आधी मॅग्नेटवर मार्करने खूण करा, हातात घेतल्यावर कळत नाही कुठली बाजू कुठली, मी दोन उलटे लावले होते ते पकडीने उपटताना फोमचा लचकाच निघाला.

आणि हो, मॅग्नेट वाकलेली टाइल सरळ करत नाहीत. मला वाटलं होतं करतील. मागची बाजू.

म्हणजे नेमकं काय करायचं: एमडीएफ कापलं की फोम चिकटवायच्याही आधी मागून जुन्या इमल्शनचे (भिंतीच्या रंगाचे) दोन हात, चारही कडांना पण, पूर्ण सुकू द्यायचं. मग फोम. मग वरून फेविकॉल, पाणी आणि वाळूचा थर देताना त्याच दिवशी मागून पण पाणी घातलेल्या फेविकॉलचा एक हात. रंग कुठला ते महत्त्वाचं नाही, कोण बघणार आहे, शनी काढा हवं तर. १८१२ साली रायस्वित्झने प्रशिया ह्या जुन्या जर्मन राज्याच्या राजाला युद्धाचा खेळ करून दिला त्यात पण अशाच सुट्या टाइल्स होत्या मांडायच्या, पण पोर्सिलेनच्या. पोर्सिलेन वाकत नाही. आपलं एमडीएफ वाकतं. पावसाळ्यात तर नुसतं कपाटात ठेवलेलं वाकतं, म्हणून जुलै-ऑगस्टमधे सुरूच करू नका.

कातळाच्या टेक्स्चरला ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा फोमवर दाबत फिरवा, दुसरं काही विकत आणू नका. वाळू चहाच्या गाळणीने चाळायची, गाळणी स्वतःची आणा.

स्प्रे पेंट उघड्या फोमवर मारलात तर फोम विरघळतो, समोर खड्डे पडताना दिसतात. आधी काळा रंग आणि फेविकॉल मिसळून ब्रशने सगळं झाका, कपारींच्या आतसुद्धा. गरम तारेने कापणार असाल तर गॅलरीत जा, तो धूर घेऊ नका, गंमत नाही.

रंगाला मिनिएचरचे महागडे डबे कशाला, इतक्या मोठ्या जागेला पुरतच नाहीत. हार्डवेअरवाल्याकडून पांढरं इमल्शन आणि स्टेनर (पांढऱ्यात मिसळायचा दाट रंग), स्टेनर बेताने, जास्त झालं तर रंग सुकल्यावरही हाताला लागत राहतो. काळा तयारच आणा. काळ्यावर गडद राखाडीत थोडा तपकिरी, त्यावर फिकट राखाडीचा ड्रायब्रश, ब्रश पेपरवर पुसून पुसून जवळजवळ कोरडा करायचा, तुम्हाला वाटतं त्याच्याहून कोरडा. गवत हिरवं करू नका हं, फेब्रुवारी आहे, पिवळं वाळकं पाहिजे. काथ्याच्या पायपुसण्याचे धागे कापून लावले की एक नंबर दिसतं. करवंदीच्या जाळ्यांना भांडी घासायचा हिरवा स्क्रबर फाडून, वर तपकिरी रंग. झाडं सुटी ठेवा, हात घालताना मोडतात.

शेवटी मॅट वार्निश, ब्रशने. ठेवताना आडव्या, मधे पेपर. जमलं तर दिवाळीच्या आठवडाभर आधी एकदा सगळं मांडून बघा.

परवा नवीन १२ कापून आणल्यात, भिंतीला टेकवून ठेवल्यात, सगळ्यांची पाठ माझ्याकडे. आज तेवढंच रंगवतो.