ब्राउझरमध्ये मजकूर एन्क्रिप्ट करण्याआधी नेट बंद करा
पासवर्डने मजकूर एन्क्रिप्ट करणारं, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात बदलणारं वेब पान प्रायव्हेट विंडोत उघडा, पूर्ण लोड झालं की इंटरनेट बंद करा आणि मगच मजकूर टाका. तरीही काम झालं, तर एन्क्रिप्शन तुमच्याच ब्राउझरमध्ये होतंय. अडलं, तर मजकूर बहुधा सर्व्हरवर जातो. असं पान सरळ सोडून द्या. विंडो बंद केल्यावरच नेट पुन्हा चालू करा.

तयार झालेला एन्क्रिप्टेड मजकूर विंडो बंद करण्याआधी शेवटच्या अक्षरापर्यंत कॉपी करा. एईएस-जीसीएम या एन्क्रिप्शनच्या पद्धतीत एखादं अक्षर बदललं, तरी डिक्रिप्शन, म्हणजे मजकूर पुन्हा मूळ रूपात आणणं, नाकारलं जातं. म्हणून मूळ मजकूर पुसण्याआधी एकदा डिक्रिप्ट करून बघाच. पासवर्ड लांबलचक हवा, एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द उत्तम. तो एन्क्रिप्टेड मजकुरासोबत त्याच मेसेजमधून मुळीच पाठवू नका, फोनवर सांगा. आणि जपून ठेवा, कारण इथे पासवर्ड रीसेट करायची सोय नसते.