घरात लहान मूल असताना ट्रायथलॉनचा सराव कसा बसवायचा

ट्रायथलॉनची (पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची स्पर्धा) तयार मिळणारी बहुतेक वेळापत्रकं स्पर्धेच्या तारखेपासून उलटी मोजत बनवलेली असतात. घरात वर्ष-दोन वर्षांचं मूल असेल तर मोजणी दुसऱ्या टोकाकडून करावी लागते: आधी घराचा आठवडा, मग त्यात मावेल तेवढी स्पर्धा.

एका कागदावर सात दिवस मांडा. मुलाच्या झोपेच्या वेळा, दोघांची कामं आणि जोडीदाराचे स्वतःचे मोकळे तास आधी भरा. हे मोकळे तास बहुतेक जण भरायचे विसरतात आणि दीड-दोन महिन्यांत घरात कुरबुर सुरू होते. शनिवारी तुम्ही तीन तास सायकलवर असाल, तर रविवारचे तीन तास जोडीदाराचे, आणि त्या वेळात मूल पूर्णपणे तुमच्याकडे. उरलेल्या जागा मोजताना घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा वेळ धरा. पाऊण तासाच्या पोहण्याला जाणं-येणं, कपडे बदलणं, अंघोळ धरून सहज दीड तास जातो.

आलेल्या बेरजेवरून अंतर ठरवा. आठवड्याला चार-पाच तास निघत असतील तर स्प्रिंट (७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं) नीट होते. सहा ते आठ तासांत ऑलिंपिक अंतर (१.५, ४० आणि १० किमी) जमतं. हाफला (१.९, ९० आणि २१.१ किमी) नऊ-दहा तास हवेतच, शिवाय शेवटच्या दोन महिन्यांत तीन-साडेतीन तासांच्या सायकल फेऱ्या. मूल रात्रभर झोपू लागेपर्यंत फुल अंतराच्या (हाफच्या दुप्पट) वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पाच-सहा तासांच्या फेरीनंतर उरलेला दिवस तुम्ही घरात असता, पण मुलामागे धावायचं त्राण नसतं.

तीन सत्रं पक्की, बाकीची सरकती

आठवड्यात फक्त तीन सत्रं पक्की ठेवा: एक पोहण्याचं, एक सायकलवरचं जोरकस आणि एक लांब. यांच्या वेळा दोघांनी मिळून ठरवायच्या. बाकी जमलं तर जमलं. चुकलेलं सत्र दुसऱ्या दिवशी भरून काढू नका; दोन जोरकस सत्रं पाठोपाठ आली की पोटरी आणि टाचेवरचा स्नायुबंध आधी तक्रार करतात.

पोहण्यात सर्वांत जास्त वेळ प्रवासात जातो, म्हणून प्रत्येक फेरी ठरवून पोहा. ३०० मीटर सावकाश, ४ × ५० मीटर तंत्रासाठी, मग १० × १०० मीटर एकसारख्या वेगाने, मध्ये १५ ते २० सेकंद विश्रांती, शेवटी १०० मीटर सैल. तलाव आठवड्यातून एकदाच जमत असेल तर घरी रबरी दोरी दाराच्या भक्कम कडीला अडकवून हात ओढण्याचा सराव दोनदा, दहा-दहा मिनिटं करा. पाण्याची जाण त्याने येत नाही, पण खांदे तयार राहतात.

मुलाच्या दुपारच्या झोपेत किंवा रात्री ते झोपल्यावर इनडोअर ट्रेनरवरचा (सायकल घरात जागेवरच चालवायचं उपकरण) एक तास सोन्यासारखा. १० मिनिटं हलकं, ३ × १० मिनिटं अशा जोरावर की एकावेळी तीन-चार शब्दच बोलता येतील, मध्ये चार मिनिटं सैल, शेवटी दहा मिनिटं हलकं. पंखा समोर हवा. घरात वारा लागत नाही, शरीर तापतं आणि त्याच जोराला नाडी वर चढत जाते. ट्रेनरवरून उतरून लगेच १५ मिनिटं धावलात की ब्रिकचा (सायकलला जोडून लगेच धावण्याचा) सरावही त्यातच होतो. मात्र उशिराच्या जोरकस सत्रानंतर झोप लागायला वेळ लागत असेल, तर ते पहाटे हलवा.

ट्रेनर आणि रांगतं मूल एका खोलीत नको

हा नियम कधीही मोडू नका. पेडल थांबलं तरी ट्रेनरचं जड चाक काही वेळ फिरत राहतं, आणि चेन व दातेरी चाकाच्या मध्ये बोट जायला क्षण पुरतो. दार लावून घ्या, आणि घरात मुलाकडे बघणारं दुसरं कुणी नसेल तर बेबी मॉनिटर समोर ठेवा. ट्रेडमिलची सुरक्षा किल्ली वापर झाला की काढून उंचावर ठेवा.

नाडी मोजणाऱ्या छातीपट्ट्यांमध्ये आणि बऱ्याच पॉवर मीटरमध्ये (पेडलवरचा जोर मोजणारं उपकरण) सीआर२०३२ सारखी नाण्याएवढी बॅटरी असते. ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर भाजू शकतं. झाकण सैल झालं असेल तर ते उपकरण मुलाच्या हाती लागेल असं ठेवू नका, जुन्या बॅटऱ्या कुलपात ठेवा, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक रुग्णालय गाठा. सरावात खायची कॅफीनची जेलंही वरच्या फळीवर.

जॉगिंग स्ट्रोलरमध्ये (धावताना ढकलायची बाबागाडी) मुलाला घेऊन धावायचं असेल तर किमान सहा महिने थांबा, मान भक्कम झालेली असावी, आणि डॉक्टरांना विचारून सुरुवात करा. पुढचं चाक लॉक, पाच बिंदूंचा पट्टा, मनगटाचा दोर हातात. वेग आपोआप कमी होतो, म्हणून घड्याळाऐवजी श्वासावर लक्ष ठेवा आणि फक्त सावकाश धावण्यासाठीच तो वापरा.

झोप मोडली की योजना बदला

रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर जोरकस सत्र रद्द. त्याऐवजी अर्धा तास अगदी हलकी सायकल चालवा, नाहीतर सरळ झोपा. सलग तीन रात्री अशा गेल्या आणि सकाळची नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी वर असेल, तर तो आठवडा निम्म्यावर आणा. मूल इतर मुलांमध्ये जाऊ लागलं की सर्दी-खोकला घरात येतच राहतो. नुसतं नाक वाहत असेल तर हलका सराव चालतो. ताप, छातीतला खोकला किंवा अंगदुखी असेल तर पूर्ण विश्रांती, आणि ताप गेल्यावरही पहिले दोन-तीन दिवस हलकेच.

बाळंतपणानंतर आईने धावणं साधारण तीन महिन्यांच्या आत सुरू करू नये. आधी चालणं, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम, मग सायकल. तलावात उतरण्याआधी रक्तस्राव थांबलेला आणि टाके भरलेले हवेत. धावताना लघवी झिरपणं, खाली जडपणा किंवा दुखणं जाणवलं तर थांबा आणि या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडे जा. ते सोसायचं दुखणं नव्हे. स्तनपान करत असाल तर सराव दूध पाजल्यावर किंवा काढल्यावर ठेवा, आणि खाणं कमी करू नका.

स्पर्धेचा दिवस

मुलाला कोण सांभाळणार हे नाव नोंदवतानाच ठरवा, आणि ऐन वेळी त्या व्यक्तीला जमलं नाही तर दुसरं कोण, हेही. सामान आदल्या दिवशी संध्याकाळी मूल झोपायच्या आधीच भरून ठेवा. अर्ध्या रात्री मूल उठलं तर यादी अपुरी राहते. मुलाला उचलून शेवटची रेषा ओलांडायची इच्छा असेल तर नियमावली आधी वाचा, कारण अनेक स्पर्धांत त्यासाठी बाद केलं जातं. पुढचे दहा दिवस सरावाचा एकही रकाना भरू नका. ते तास आधी जोडीदाराच्या नावे लिहा.