घरी केलेलं गाणं लोकांना ऐकवायचं कसं, आणि "मस्त रे"च्या पुढचं काहीतरी काढून घ्यायचं कसं

गाणं घरी केलं, लॅपटॉपवर कीबोर्ड वाजवला, रात्री बेडरूमचा फॅन बंद करून घामाघूम होत आवाज रेकॉर्ड केला, मिक्स पण (सगळ्या ट्रॅकचे आवाज एकमेकांशी जुळवणं) जमेल तसा केला आणि आता ते लोकांना ऐकवायचंय. इथपर्यंत पोचणारे खूप असतात आणि इथून पुढे बहुतेक सगळे एकच करतात, फाईल दिसेल त्या ग्रुपवर टाकतात आणि खाली लिहितात "फर्स्ट ट्राय, कसं वाटलं नक्की सांगा". मग आगीचे इमोजी येतात, "भारीच", "एक नंबर", आत्याचं "खूप छान बाळा", आणि गाणं होतं तिथंच राहतं. लोक खोटं बोलत नसतात हो, "कसं वाटलं" विचारलं की लग्नातल्या जेवणासारखं "छान होतं" हेच उत्तर येणार.

तर पहिली गोष्ट म्हणजे वेळ. गाणं बदलता येण्यासारखं असतानाच ऐकवा. कव्हर फोटो झालाय, रिलीजची तारीख टाकलीय, मग विचारताय की मुखडा उशिरा येतो का, तर समोरचा बिचारा काय बोलणार. मिक्स कच्चा असला तरी चालतो, पण गाण्याचा सांगाडा पूर्ण पाहिजे, "इथे नंतर सोलो येईल" असलं काही नको कारण ऐकणाऱ्याला ती रिकामी जागाच लक्षात राहते.

पाठवायच्या आधी स्वतः मोबाईलच्या स्पीकरवर ऐका, कारण निम्मे लोक तिथेच ऐकणारेत. मोबाईलच्या स्पीकरमध्ये खालचा बेस जवळजवळ येतच नाही, त्यामुळे हेडफोनवर दणदणीत वाटणारी बेसलाईन गायब होते आणि गाणं पायाच काढून घेतल्यासारखं उघडं पडतं. बेसवर थोडं सॅच्युरेशन (आवाज मुद्दाम किंचित फाटवणं) टाकलं की वरचे हार्मोनिक्स, म्हणजे त्याच सुराचे वरचे पडसाद, ऐकू येतात आणि छोट्या स्पीकरवरही सूर कळतो. मग एकदा मोनो करून, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून, ऐका. डबल केलेले व्होकल किंवा वाइडनर (आवाज डावी-उजवीकडे पसरवणारा इफेक्ट) लावलेला सिंथ मोनोमध्ये कधीकधी एकमेकांना खाऊन टाकतात, आणि छोटे ब्लूटूथ स्पीकर बरेचसे मोनोच असतात. सुरुवातीची शांतता कापा, शेवटी रिव्हर्बची (घुमणाऱ्या आवाजाची) शेपटी अर्धवट तुटत नाहीये ना बघा.

लाऊडनेसवरून उगाच डोकं फोडून घेऊ नका. स्पॉटिफाय काय, यूट्यूब काय, जास्त मोठ्या आवाजातली गाणी साधारण -१४ एलयूएफएसपर्यंत (हे लाऊडनेस मोजायचं एकक) खाली आणतात, म्हणजे लिमिटरने (आवाजाची टोकं एका मर्यादेवर दाबणारं टूल) गाण्याचा चेंदामेंदा करून फायदा शून्य. पण थेट फाईल पाठवताना तिथे कोणी लेव्हल सारखी करायला बसलेलं नसतं, त्यामुळे अगदीच बारीक आवाजात पण पाठवू नका. लिमिटरचं सीलिंग, म्हणजे वरची मर्यादा, -१ डीबीवर ठेवा, आणि ओळखीच्या एखाद्या रिलीज झालेल्या गाण्याशेजारी लावल्यावर व्हॉल्यूमचं बटण शोधावं लागू नये, बास.

एमपी३ ३२० केबीपीएसला काढा, मिनिटाला साधारण २.४ एमबी होतात, वेव्ह काढली तर मिनिटाला १० एमबी आणि ऐकणाऱ्याला फरक काही नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून जोडा म्हणजे फाईल जशीच्या तशी जाते. लॅपटॉपच्या स्पीकरसमोर फोन धरून व्हॉइस नोट करणारे महाभाग अजून आहेत, तो प्रकार नको, ते सगळं बोलण्यासाठी बनवलंय, गाण्याचा त्यात पत्रा होतो. ड्राइव्हची लिंक देत असाल तर "लिंक असलेले कोणीही" हे सेटिंग आधी तपासा, नाहीतर समोर परवानगी मागायचा डबा येतो आणि तिथून कोणीही परत फिरून येत नाही. साऊंडक्लाऊडची प्रायव्हेट लिंक मला सगळ्यात बरी वाटते कारण लोक नेमक्या सेकंदावर कमेंट टाकू शकतात. यूट्यूबवर अनलिस्टेड टाकलं तर चालतं, फक्त तिथे तीच लिंक ठेवून फाईल बदलता येत नाही.

आता कोणाला पाठवायचं. सगळ्यांना नाही, चार-पाच जणांना, आणि प्रत्येकाला वेगळ्या कामासाठी. एक जण असा की जो अजिबात वाजवत-गात नाही पण गाणी खूप ऐकतो. एक गाणारी किंवा गाणारा, सुरासाठी. एक मिक्सिंग कळणारा. आणि एक ज्याने तुमचे शब्द आधी कधीच वाचलेले नाहीत, हा फार महत्त्वाचा, कारण तुम्हाला स्वतःचे शब्द पाठ असतात म्हणून ते कायम स्पष्टच ऐकू येतात. म्युझिशियन मित्रांची एक गंमत असते, ते गाणं ऐकतच नाहीत, स्नेअर ड्रम ऐकतात, मग कुठलं प्लगइन घे यावर मोठं प्रवचन येतं, तर त्यांना जेवढं विचारलंय तेवढंच सांगायला लावा.

आणि मेसेज असा काहीतरी लिहा: "नवीन गाणं आहे, ३ मिनिटं १० सेकंद. एकदाच ऐक, इअरफोन लाव. मग तीन गोष्टी सांग, कुठे कंटाळा आला तो सेकंद, मुखड्याचे शब्द काय ऐकू आले ते तसेच टाईप कर, आणि गाणं संपल्यावर कुठली ओळ डोक्यात राहिली. रविवारपर्यंत चालेल." बघा, यात "आवडलं का" कुठेच नाही. माफी पण नाही, "माईक साधा आहे, घसा बसला होता, कुकरची शिट्टी आलीय तिकडे लक्ष देऊ नको" असं लिहिलं की माणूस सगळं सोडून शिट्टीच शोधत बसतो. समोरासमोर ऐकवायची संधी मिळाली तर सगळ्यात भारी, पण तोंडाकडे बघत बसू नका, बाजूला बसा आणि फक्त लक्षात ठेवा हात मोबाईलकडे कधी गेला. तो सेकंद तोंडी उत्तरापेक्षा खरा.

उत्तरं आली की खरं काम सुरू. लोकांना कुठे दुखतंय ते बरोबर कळतं, पण उपाय सांगतात तो बहुतेक वेळा चुकीचा असतो, म्हणून जागा त्यांची घ्या आणि इलाज आपला करा.

"गाण्याऱ्याचा आवाज वाढव" असं आलं की लगेच व्होकलचा फेडर (आवाज कमी-जास्त करायचा सरकता खटका) वर ढकलू नका. समजा मुखड्यात "तुझ्या माझ्या" आहे आणि मित्राने "तुला माझा" टाईप केलंय. म्हणजे "झ्या" हरवलाय, आणि बऱ्याचदा तिथे गिटार नाहीतर कीबोर्ड व्होकलच्याच जागेत बसलेला असतो, २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, जिथे व्यंजनं कळतात. त्या वाद्याचा तो पट्टा दोन-तीन डीबी कमी करा, व्होकलचा रिव्हर्ब थोडा आवरा, आणि परत ऐका, फेडरला हात न लावता शब्द वर येतात. "स" आणि "श" टोचतात असं कोणी म्हणालं तर डीएसर, साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास. "फ", "भ" वर धप्प येत असेल तर पुढच्या वेळी माईक तोंडासमोर न धरता थोडा तिरका धरा.

"स्लो वाटतंय" याचा अर्थ टेम्पो कमी आहे असं नसतंच बऱ्याचदा. ब्लूटूथ हेडफोन लावून गायलात किंवा सॉफ्टवेअरमध्ये लेटन्सी (आवाज उशिरा पोचणं) राहिली तर व्होकल बीटच्या किंचित मागे पडतात आणि सगळं गाणं आळसावल्यासारखं होतं. व्होकलचा ट्रॅक २० ते ३० मिलीसेकंद आधी, म्हणजे डावीकडे, ओढून बघा, कधीकधी तेवढ्यात गाणं उठून बसतं. आणि रेकॉर्डिंगला वायरवालाच हेडफोन.

"लांब वाटतंय" आलं तर आधी इंट्रो बघा, मग दुसरा अंतरा. दुसऱ्या अंतऱ्यात पहिल्याचीच वाद्यं तशीच चालू असतील तर माणूस तिथेच सुटतो. काहीतरी काढा, नवीन काही घालण्याआधी काढून बघा.

"वरचा सूर ताणलाय" असं गाणाऱ्याने सांगितलं तर पिच करेक्शनच्या नादाला लागण्याआधी पट्टी बघा. काळी दोनमधलं गाणं पांढरी दोनमध्ये आणलं तर अर्धाच सूर खाली येतो पण गळा मोकळा होतो. मिडीवर (सॉफ्टवेअरमध्ये नोट्स म्हणून) केलेलं सगळं एका क्लिकमध्ये खाली येतं, गिटार मात्र परत वाजवावी लागेल, त्याला इलाज नाही.

एकाच माणसाने सांगितलेली गोष्ट म्हणजे त्याची आवड असू शकते. दोघा-तिघांनी एकमेकांशी न बोलता एकाच जागेवर बोट ठेवलं तर तिथे गडबड आहेच. म्हणून ग्रुपवर न विचारता वेगवेगळं विचारायचं, ग्रुपवर पहिला जे बोलतो त्याचीच री बाकीचे ओढतात.

दुसरं व्हर्जन ऐकवताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. जे किंचित मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं, त्यामुळे लेव्हल सारखी नसेल तर तुलनेला अर्थ उरत नाही. फाईलच्या नावात तारीख टाका, "फायनल_नवीन_खरंच_फायनल" मध्ये कोणी काय ऐकलं ते कोणालाच कळत नाही. आणि नवीन व्हर्जन निदान एका नवीन माणसाला ऐकवा, जुन्यांना आता गाणं पाठ झालेलं असतं.

हक्कांचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गाणं तयार झालं की हक्क तुमचा असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, पण प्रोजेक्ट फाईल्स तारखेसकट जपून ठेवा. यूट्यूबवरून "फ्री" म्हणून उचललेला बीट बऱ्याचदा फक्त पैसे न कमावण्याच्या अटीवर फ्री असतो, लायसन्स आधी वाचा, नंतर क्लेम येतो. शब्द मित्राने लिहिले असतील तर कोणाचे किती टक्के हे आत्ताच मेसेजवर लिहून ठेवा, गाणं चाललं नाही तर वाद नाहीच आणि चाललं तर त्याहून नाही.

ज्यांनी वेळ काढून ऐकलं त्यांना काय बदललं ते कळवा, "तू म्हणालास ते १:१२ वालं नीट केलं" एवढं पुरतं. पुढचं गाणं तो माणूस त्याच दिवशी ऐकतो.