ठाणे परिसरातील जुन्या विवाहनोंदी कशा शोधाव्यात आणि जपाव्यात

आजी-आजोबांच्या लग्नाची नोंद हवी असल्यास महापालिकेत अर्ज करण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात: लग्नाचे ठिकाण त्या काळी कोणत्या हद्दीत होते, आणि नोंद कोणत्या कायद्याखाली झाली असावी.

हद्दीचा घोळ या भागात मोठा आहे. वांद्रे-अंधेरीकडील दक्षिण साष्टी (साष्टी बेटाचा दक्षिण भाग) १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्यात होती; वसई, डहाणू हे तालुके २०१४ मध्ये पालघरमध्ये गेले. नवी मुंबई महानगरपालिका १९९२ ची, त्यामुळे तुर्भे किंवा घणसोलीतील त्यापूर्वीच्या लग्नाचा माग ठाणे तालुक्याच्या दप्तरातून काढावा लागतो. खारघर-कळंबोलीसाठी रायगड जिल्हा पाहावा. जुन्या कागदांवर त्याचे नाव कुलाबा असे असेल.

आता कायदा. मुंबई राज्याचा विवाहनोंदणी कायदा १९५३ चा आहे. त्याआधीच्या बहुसंख्य हिंदू लग्नांची सरकारी नोंदच झालेली नसल्याने ती शोधत कचेऱ्यांचे उंबरठे झिजवण्यात अर्थ नाही. सध्याची नोंदणी १९९८ च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली होते. गावात ग्रामसेवक आणि शहरात महापालिकेचा निबंधक ती करतो. नोंदणी पद्धतीने, म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, लग्न झाले असेल तर काम बरेच सोपे होते, कारण त्या कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे विवाह प्रमाणपत्र पुस्तक पाहण्यास खुले असते आणि शुल्क भरून त्यातील प्रमाणित उतारा मागता येतो.

ख्रिस्ती कुटुंबांनी प्रथम आपल्या चर्चची दप्तरे पाहावीत. ठाण्याच्या मासुंदा तलावाजवळील सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चसारख्या जुन्या धर्मग्रामांशी (पॅरिश) अनेक ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाणे-वसई भागातील मूळच्या ख्रिस्ती, घराण्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. लग्न कोणत्या चर्चमध्ये लागले हे ठाऊक नसल्यास वधू किंवा वराच्या बाप्तिस्म्याची नोंद काढावी. कॅथलिक चर्चमध्ये १९०८ पासून विवाहाचा तपशील बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी, समासात लिहिण्याचा नियम आहे, आणि त्या दोन ओळींत बहुधा तारीख व चर्च दोन्ही सापडतात. म्हणून छायाप्रत मागताना समासासह पूर्ण पान मागावे. मुंबई इलाख्यातील चर्चमधून विलायतेस पाठवलेल्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत युरोपीयांचे विवाह अधिक आहेत.

सरकारी नोंद नसलेल्या घरांत लग्नपत्रिका आणि आहेराची वही हीच खरी साधने होत. माझ्या मते वही पत्रिकेपेक्षा मोलाची आहे, कारण पत्रिका ठरलेला मुहूर्त सांगते, तर वही प्रत्यक्ष कोण आले, कोणत्या गावाहून आले आणि कोणी काय दिले हे सांगते (आणि कोणी काहीच दिले नाही, हेही). तिच्यावर शके असल्यास इसवी सन काढण्यासाठी त्यात ७८ मिळवावेत. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीसाठी साधारणतः ७९. शके १८७० चा माघ म्हणजे १९४९. मजकूर मोडी लिपीत असल्यास जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे. याशिवाय नाशिक व त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत आडनाव आणि मूळ गाव सांगितल्यास वंशावळ मिळू शकते. वधूचे नाव लग्नात बदललेले असू शकते, म्हणून माहेरचे नावही टिपून न्यावे.

हाती आलेल्या कागदाला लॅमिनेशन कदापि करू नये. उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक पुढे कागदाला इजा न करता निघत नाही. चिकटपट्टीचा डिंक पिवळट डाग सोडतो आणि टाचण्या खाडीकाठच्या दमट हवेत लवकर गंजतात, तेव्हा त्या आधी काढाव्यात. कागद घडी उलगडून आम्लरहित पाकिटात सपाट ठेवावेत. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये आणि सर्वांत खालचा कप्पा रिकामा सोडावा. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्यांना याचे कारण सांगण्याची गरज नाही. पावसाळ्यानंतर कोरड्या दिवशी पाने सावलीत उघडून कसर लागली आहे का ते पाहावे. छायाचित्र घेताना मुखपृष्ठ व कोरी दिसणारी पानेही घ्यावीत, आणि फाइलच्या नावात लग्नाचे साल, गाव व दोन्ही घराण्यांची आडनावे घालावीत.