मेलेलं जनावर उघडताना या चुका टाळा

खानदेशात एप्रिल-मे महिन्यात मेलेलं जनावर आणि दूध यांत फारसा फरक नसतो. सकाळचं दुपारपर्यंत नासतं. पण नासलेल्या दुधाचा चहा कोणी करत नाही. नासलेल्या मूत्रपिंडावरून मात्र लोक आजाराचं नाव बिनधास्त ठेवतात आणि वर त्याचा फोटो मला पाठवतात. खाली लिहिलेलं असतं, ‘सर, ईटीच ना?’ ईटी म्हणजे आंत्रविषार, मेंढ्या-शेळ्यांना आतड्यात विष तयार होऊन होणारा आजार.

पशुवैद्यकीय पॅथॉलॉजीत माझी बावीस वर्षं गेली. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या गावांतून शवविच्छेदनं केली आणि बाकीचा वेळ दुसऱ्यांनी पाठवलेल्या बाटल्या उघडण्यात गेला. चुका त्याच त्या. करणारे तेवढे बदलतात.

सडण्यालाच आजार समजणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मी स्वतः केली आहे.

नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. साक्रीकडचे एक ठेलारी मेंढपाळ आबा परतीच्या वाटेवर होते, एका शेतात मेंढ्या बसवल्या होत्या. एका सकाळी निरोप आला की अकरा मेंढ्या मेल्या. मी पोहोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. अंगावर लोकर, वरून ऊन, म्हणजे गोधडीत गुंडाळून चुलीशेजारी ठेवल्यासारखंच. दोन मेंढ्या उघडल्या. मूत्रपिंडाला बोट लावलं तर बोट आत गेलं, पार लगदा. पुस्तकात वाचलेलं डोळ्यांपुढे आलं: क्लोस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स जंतू, टाइप डी, मऊ पडलेलं मूत्रपिंड. मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, आंत्रविषार.

आबा म्हणाले, “साहेब, त्याची लस तर होळीच्या आधीच टोचली.”

मी म्हणालो, “बाटली उन्हात राहिली असेल.”

हे वाक्य आजही आठवलं की कानशिलं गरम होतात. समोरचा माणूस निदानाच्या विरुद्धचा पुरावा हातात देत होता आणि मी तो त्याच्याच निष्काळजीपणावर ढकलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिथे गेलो तर चार मेंढ्या आडव्या होत्या आणि पाचवी माझ्यादेखत पडली. थरथर, धाप, तोंड उघडं, दहा-पंधरा मिनिटांत खेळ संपला. तिला लगेच उघडलं. रक्त लालभडक, नुकत्याच फोडलेल्या कुंकवाच्या पुडीसारखं. मूत्रपिंड टणक, कापलं तर सुरीला कड लागते तसं. पोट उघडल्यावर माझा मदतनीस म्हणाला, “कडू बदामना मायक वास ई राह्यना, साहेब.” म्हणजे कडू बदामासारखा वास येतोय. मला काही वास आला नाही. तो वास सगळ्यांना येत नाही, मला आजही येत नाही, आणि हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग मान वर करून शेत पाहिलं. रब्बी ज्वारी काढून झालेली, पाटाचं पाणी झिरपलेलं आणि धसकटांना वीतभर हिरवेगार फुटवे. सायनाइडची विषबाधा, याच कोवळ्या फुटव्यांमधून. काल हेच शेत माझ्या पायाखाली होतं. कळप बाहेर काढला, धापा टाकणाऱ्यांना सोडियम थायोसल्फेट दिलं, मरतुक तिथेच थांबली. पण त्या शेवटच्या पाच मेंढ्या ज्वारीच्या नव्हे, माझ्या खात्यावर आहेत.

आदल्या दिवशीही विष तेच होतं. पण तो लालभडक रंग मेल्यावर थोडाच वेळ टिकतो, नंतर रक्त काळवंडतं. मूत्रपिंड तर उन्हात कोणत्याही मेंढीचं मऊ होतं, आजार असो वा नसो. म्हणून आंत्रविषार म्हणायचं असेल तर जनावर ताजं पाहिजे, आणि आतड्यातला द्रव विष तपासायला पाठवला पाहिजे. नुसता लगदा म्हणजे घड्याळ, निदान नव्हे.

मरणानंतर आपोआप होणाऱ्या आणि दर महिन्याला कोणीतरी ‘आजार’ म्हणून पाठवलेल्या गोष्टी सांगतो. पित्ताशयाशेजारी यकृत आणि आतडं हिरवं पडणं: पित्त झिरपलं, बस. एकच फुप्फुस काळंनिळं: जनावर त्या कुशीवर पडलं होतं, रक्त खाली उतरलं. रक्तवाहिनीची आतली बाजू एकसारखी लाल: रक्त फुटून रंग उतरला. हृदयात पिवळसर, चकचकीत, जेलीसारखी गाठ: ती मेल्यावर गोठलेली आहे, चिमटीत धरली की अख्खी निघते. जिवंतपणी झालेली गाठ कोरडी, खरखरीत असते आणि भिंतीला चिकटलेली असते. इतका सोपा फरक आहे, तरी लोक ‘हार्ट ॲटॅक’ लिहून मोकळे होतात.

पोटफुगीचं तर विचारूच नका. मेलेलं प्रत्येक रवंथ करणारं जनावर फुगतं. जिवंतपणी फुगून मेलं का, हे पोटावरून कळत नाही, अन्ननलिकेवरून कळतं. ती लांबीने चिरा. मानेतला भाग रक्ताने लालजांभळा, छातीतला भाग पांढरट आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसली तर पोटफुगी खरी. हे बघायला दोन मिनिटं लागतात. नव्या पोरांना ती दोन मिनिटं नसतात, पोट टचकन फोडून फुस्स आवाज काढण्यातच सगळी हौस.

माझी सवय सांगतो. सुरी लावण्याआधी तीन वेळांची नोंद करतो: शेवटचं जिवंत कधी दिसलं, मेलेलं कधी सापडलं, उघडलं कधी. उन्हाळ्यात चार-पाच तासांपेक्षा जास्त झाले असतील तर मऊपणा आणि रंग यांवर एक शब्द लिहीत नाही. जे लवकर सडत नाही तेवढंच वाचतो: तार, खिळा, जंत, मुतखडा, पोटातला चारा, हाड. घटसर्पाचा, म्हणजे गुरांच्या गळा सुजण्याच्या जीवघेण्या आजाराचा, संशय असेल आणि जनावर मरून बराच वेळ झाला असेल तर लांब हाड तसंच न फोडता पाठवतो, मज्जेत जंतू बाकी अवयवांपेक्षा जास्त टिकतात. आणि आता बॅगेत पिक्रेटचा कागद असतो. नाक नाही तर कागद. विटकरी झाला की सायनाइड.

उघडायचंच नसतं ते उघडणं

काल संध्याकाळी वैरण खाल्ली, सकाळी मेलेलं. नाकातून, गुदद्वारातून काळपट रक्त, ते गोठत नाही. अंग ताठलेलं नाही किंवा अर्धवट ताठलेलं. अशा वेळी सुरी बॅगेतच ठेवायची. हा फाशी रोग असू शकतो, म्हणजे ॲन्थ्रॅक्स. बंद शवात हे जंतू सडण्यातच मरतात. हवा लागली की बीजाणू बनतात आणि त्या जागेच्या मातीत कित्येक दशकं जिवंत राहतात. तुम्ही कापलेल्या जागी तुमची नातवंडं गुरं चारतील तेव्हाही.

एका तरुण डॉक्टरने मला उत्साहाने फोटो पाठवला होता. बैलाची प्लीहा, तिप्पट फुगलेली, काळी, कापल्यावर जांभळाच्या गरासारखा लगदा. ‘सर, एवढी मोठी कधी पाहिली नव्हती!’ प्लीहा ज्या तळहातावर होती तो उघडा होता. हातमोजा नाही. मी फोटोचं कौतुक न करता आधी त्याला सरकारी दवाखान्यात पिटाळलं. प्रतिजैविकं सुरू झाली, त्याला काही झालं नाही, पण रोज रात्री हात निरखत बसायचा, काळी खपली येते का ते पाहत. बैलाचं कातडं सोलायला उभे राहिलेले दोघे मात्र त्याच्या लक्षातही नव्हते. त्यांना शोधून दवाखान्यात न्यायला दुसरा दिवस उजाडला.

करायचं एवढंच: हातमोजे घाला, कानाच्या शिरेतून एक थेंब रक्त काचपट्टीवर घ्या, टोचलेली जागा जंतुनाशकाच्या बोळ्याने दाबा. पॉलिक्रोम मिथिलीन ब्लू रंगात चौकोनी टोकांच्या निळ्या काड्या आणि भोवती गुलाबी आवरण दिसलं की प्रश्न मिटला. शव जाळा किंवा खोल पुरा, सहा फुटांपेक्षा कमी नको, आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा. कळवणं हा उपकार नाही, २००९ च्या कायद्याने ते बंधनकारक आहे.

गळ्याखाली सूज म्हणजे घटसर्प

पहिला पाऊस पडला की सगळ्यांना घटसर्पच दिसतो. खऱ्या घटसर्पात ताप सणकून असतो, सूज गरम आणि दुखरी असते, घशातून घरघर येते आणि जनावर एक-दोन दिवसांत जातं. सूज थंड आहे, बोटाने दाबलं की खड्डा राहतो आणि जनावर आठ दिवस चरतंय, तर आधी डोळ्याची खालची पापणी उलटा. पांढरीफटक? मग जंत किंवा यकृतातले चपटे कृमी बघा. मेंढीचं चौथं पोट उघडलं तर लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यांसारखे जंत वळवळताना दिसतील. सूज छातीच्या पोळीत आहे आणि मानेची शीर दोरासारखी फुगली आहे? मग तार. हृदयाच्या पिशवीत दुर्गंधी पू आणि त्यात कडबा बांधायच्या तारेचा तुकडा असं मी इतक्यांदा पाहिलंय की गोठ्यात शिरताना पहिली नजर खाली पडलेल्या तारांकडेच जाते.

बाकीच्या, पटापट

लाल लघवी दिसली की गोचीड तापाचं इंजेक्शन ठोकू नका. लघवी काचेच्या नळीत तासभर उभी ठेवा. तळाशी लाल थर बसला तर रक्त, सगळी एकसारखी लाल राहिली तर रक्तपेशी फुटून बाहेर पडलेला रंग. नुकत्याच व्यायलेल्या म्हशीत हा फॉस्फरसच्या कमतरतेनेही येतो.

थायलेरियासाठी, म्हणजे गोचिडांतून येणाऱ्या रक्तातल्या परजीवीसाठी, रक्त आधी घ्या, औषध नंतर. आणि खांद्यापुढची गाठ हाताने चाचपा, फुकट आहे.

मागच्या फऱ्यावर सूज, दाबली की कुरकुर आवाज, जनावर सहा महिने ते दोन वर्षांचं आणि गुटगुटीत: फऱ्या. तिथे फार विचार करायची गरज नाही.

अंगावर गांधी उठल्या की लम्पी नव्हे. गांधी काही तासांत विरतात, लम्पीची गाठ कातडीच्या पूर्ण जाडीची, टणक असते आणि मुक्कामाला येते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला ती दिसली, राज्यातली त्या साथीची सुरुवात तिथली. त्यानंतर वर्षभर डास चावलेली गायही लम्पी होती.

लाळ गाळणाऱ्या, हंबरणाऱ्या गाईच्या घशात ‘काहीतरी अडकलंय’ म्हणून हात घालू नका. पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं का, हे आधी विचारा. मग पुन्हा एकदा विचारा, कारण पहिल्यांदा सगळे नाहीच म्हणतात.

कोंबड्या एकदम मरायला लागल्या आणि जठरावर रक्ताचे ठिपके दिसले की राणीखेत म्हणायची घाई असते. बर्ड फ्लूमध्येही तसेच ठिपके दिसतात. डोळ्यांनी फरक होत नाही, कोणाच्याच नाही. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नवापूरला निघाला आणि तो भोपाळच्या प्रयोगशाळेत पक्का झाला, शेडमध्ये नाही. म्हणून मोठी मरतुक असेल तर पक्षी चिरत बसू नका, कळवा.

बाटली

एकदा एसटीच्या पार्सलने देशी दारूची रिकामी क्वार्टर आली. आत शेळीचं अख्खं मूत्रपिंड. ताजं असताना ते मऊ होतं, दाबून आत घातलं. फॉर्मालिनमध्ये, म्हणजे अवयव टिकवायच्या द्रवात, दोन दिवसांत ते रबराच्या चेंडूसारखं झालं. आता काढा बाहेर! शेवटी गोणपाटात गुंडाळून हातोडीने बाटली फोडली. कापल्यावर बाहेरचा अर्धा सेंटीमीटर उत्तम टिकलेला, आतलं सगळं सडकं. फॉर्मालिन आतपर्यंत पोहोचतच नाही. पाठवणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, “सर, बाटली धुतली होती.”

रुंद तोंडाची बरणी घ्या, लोणच्याची चालेल. तुकडा अर्धा सेंटीमीटर जाड, निरोगी आणि बिघडलेला भाग दोन्ही त्यात येतील असा. बाजारात मिळणारं फॉर्मालिन एक भाग आणि पाणी नऊ भाग. तुकड्याच्या दहापट द्रव. हे फ्रीजरमध्ये ठेवायचं नाही, बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात आणि मला सूक्ष्मदर्शकाखाली भोकं दिसतात. जंतू वाढवून बघायचे असतील तर उलटं: वेगळी निर्जंतुक बाटली, बर्फावर, आणि फॉर्मालिनचा थेंबही नको. ‘दोन्ही कामाला एकच बाटली पाठवली’ हे वाक्य मला स्वप्नात ऐकू येतं. रक्ताच्या काचपट्ट्याही फॉर्मालिनच्या बरणीसोबत एका डब्यात घालू नका. नुसत्या वाफेनेच त्या हिरवट-निळ्या पडतात आणि रंग धरत नाहीत. हे कितीही सांगा, डबा एकच येतो, कारण डबा घरात एकच असतो.

मागच्या आठवड्यात मात्र एक बरणी आली आणि मी अक्षरशः उठून उभा राहिलो. तोंड रुंद, तुकडे पातळ, फॉर्मालिन भरपूर, झाकणाला चिकटपट्टी. सोबतच्या चिठ्ठीवर निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘लिव्हर. अर्जंट.’ जनावर कोणतं, मेलं कधी, गाव कोणतं, फोन नंबर काय, काहीच नाही. तुकड्यांवरून शेळी किंवा मेंढी एवढं कळलंय. बरणी टेबलावर आहे, ज्याची असेल त्याने फोन करावा.